ग्लॉबर सॉल्ट आणि एप्सम सॉल्ट: दिसायला जुळे, स्वभावाने वेगळे

दोन्ही खडे पांढरे आणि पारदर्शक, दोन्हींची चव कडवट-खारट, आणि दोन्ही पाण्यात झटकन विरघळतात. दोन्ही पूर्वी जुलाबाचं औषध म्हणून दिली जात. त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेट आणि एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पहिल्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे 10 रेणू असतात, दुसऱ्याच्या 7.

पहिलं मीठ योहान रूडॉल्फ ग्लॉबर (1604–1670) याच्या नावाचं. जर्मनीतल्या कार्लश्टाट गावचा हा न्हाव्याचा मुलगा विद्यापीठात न जाता स्वतःच शिकला आणि पुढे ॲमस्टरडॅममध्ये स्वतःची प्रयोगशाळा चालवू लागला. तरुणपणी आजारी असताना एका झऱ्याच्या पाण्याने त्याला आराम पडला. त्या पाण्यातल्या मिठाचा त्याने पिच्छा पुरवला. नंतर साध्या मिठावर गंधकाम्ल घालून तापवल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघून गेली आणि मागे जे उरलं, ते हेच मीठ होतं. त्याने त्याला ‘साल मिराबिले’, म्हणजे अद्भुत मीठ, असं नाव दिलं. आमच्या मते त्याचं खरं मोठेपण इथे आहे: इतर जण भट्टीतला जो गाळ फेकून देत, त्यात त्याला विकण्याजोगा माल दिसला.

दुसऱ्या मिठाला नाव मिळालं ते इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू झऱ्यावरून. नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याने 1695 मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. हे मीठ महाग असल्याने 18व्या शतकात तिथे ग्लॉबर सॉल्टच एप्सम म्हणून खपवलं जाई. द्रावण थंड होताना सतत ढवळलं की मोठ्या खड्यांऐवजी बारीक सुया पडतात आणि फरक डोळ्यांना कळत नाही.

घरी ओळखायचं तर 100 मिली आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवा. वेगळ्या ग्लासात कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून, निवळल्यावर तो थोडा थोडा घाला. लगेच पांढरा, दह्यासारखा साका धरला तर ते एप्सम. पाणी नितळ राहिलं तर ग्लॉबर. बोअरचं पाणी घेतलंत तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळेच पाणी गढुळतं आणि निकाल फसतो. खाण्याचा सोडाही चालत नाही, कारण थंड पाण्यात त्याने साका पडत नाही. बेरियम क्लोराइडची चाचणी तर निरुपयोगीच: ती सल्फेट दाखवते, आणि सल्फेट दोन्हींत आहे.

हाच साका रंगाईत घात करतो. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग) देताना आधी मीठ आणि मग सोडा ॲश, म्हणजे निर्जल धुण्याचा सोडा, घालतात. तिथे चुकून एप्सम पडलं तर मॅग्नेशियमचा साका कापडावर बसतो, रंग डागाळतो. दुसरी चूक वजनाची. ग्लॉबर सॉल्टच्या खड्यात जवळपास 56 टक्के पाणी असतं. रेसिपीत लिटरला 60 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट असेल, तर खडे 136 ग्रॅम लागतात. 60 ग्रॅमच घातले तर रंग फिका येणारच.

साठवणुकीतही फरक आहे. ग्लॉबरचे खडे 32.4 अंशांना स्वतःच्याच पाण्यात वितळतात. विदर्भातल्या मे महिन्यात पोत्यात रबडी होते आणि निर्जल भुकटी खाली बसते. उघडं राहिलं तर कोरड्या हवेत खड्यांवर पांढरी पूड धरते. अशा मालात किलोमागे मीठ जास्त भरतं, म्हणून जुनं वजन लागू पडत नाही. थंडीत उलट होतं: 32 अंशांना 100 ग्रॅम पाणी सुमारे 50 ग्रॅम निर्जल मीठ पेलतं, शून्याला जेमतेम 5. रात्री मिठाच्या द्रावणाची टाकी गार झाली की नळीत खडे बसतात. एप्सम 48 अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचा एवढा त्रास नाही.

शेतात मात्र एप्समच. पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, तेव्हा पिकाला मॅग्नेशियम हवं असतं. ग्लॉबरमध्ये ते नाहीच, उलट सोडियम जमिनीत जातं, आणि चोपण, म्हणजे आधीच सोडियम जास्त असलेल्या, जमिनीत ते आणखी वाईट. पोटात घ्यायचं असेल तर दोन्हींपैकी कुठलंही डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर एप्सममधलं मॅग्नेशियम रक्तात साठतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर ग्लॉबरमधलं सोडियम नडतं.