उसण भरल्यावर काय करावं?

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचं, ही महाराष्ट्रात खेडोपाडीची जुनी रीत. जन्माच्या वेळी ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या कंबरेला पाय लावला की उसण निघते, असा समज. आणि पाय लावून घेतलेली माणसं खरोखर बरी होत असत. विटेचा शेक घेणारी बरी होत, इंजेक्शन घेणारी बरी होत आणि काहीही न करणारीसुद्धा बरी होत. अचानक धरलेल्या कंबरेबद्दल सगळ्यात आधी कळायला हवी ती गोष्ट यातच आहे: बहुतेकांचं हे दुखणं आपोआप ओसरतं. पहिल्या दोन आठवड्यांत कळ बरीच उतरते आणि महिना-दीड महिन्यात बहुतेक जण आपापल्या कामाला लागलेले असतात.

माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. तिथून पुढे उतारच असतो आणि त्या उताराचं श्रेय त्या दिवशी केलेल्या उपायाला मिळतं. त्यामुळे कुठला उपाय खरा, हे ठरवायला 'मला गुण आला' एवढं पुरत नाही. सारखंच दुखणं असलेल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, प्रत्येक गटाला वेगळा उपाय देऊन तुलना करावी लागते. कंबरदुखीवर असे प्रयोग गेल्या चाळीस वर्षांत भरपूर झाले आणि त्यांनी डॉक्टरांच्याही बऱ्याच समजुती मोडीत काढल्या.

त्यातली पहिली समजूत अंथरुणाची. 'फळीवर सरळ झोपा, तीन आठवडे उठू नका' हा सल्ला ऐकलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. १९८६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. सात दिवसवाल्यांना जास्त फायदा काहीच झाला नाही, कामावरच्या खाड्यांची संख्या मात्र वाढली. मग १९९५ मध्ये फिनलंडमधून आणखी स्पष्ट उत्तर आलं. हेलसिंकी शहराच्या सेवेतल्या, नुकतीच कंबर धरलेल्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते. पहिल्याला दोन दिवस अंथरुण, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम आणि तिसऱ्याला सांगितलं, झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवा. सगळ्यांत लवकर सावरला तो तिसरा गट. सगळ्यांत मागे राहिले ते झोपून राहिलेले.

व्यायामवालेही मागे पडले, हे मला फार बोलकं वाटतं. ऐन कळेच्या दिवसांत मोबाइलवर पाहून कंबर ताणण्याचे प्रकार करू नयेत. त्या दिवसांत हवी ती साधी हालचाल: घरातल्या घरात चालणं, स्वतःचं स्वतः आवरणं, वीस-पंचवीस मिनिटांनी बैठक मोडणं. कळ असह्य असेल तर एखादा दिवस आडवं पडायला हरकत नाही, पण मधूनमधून उठायचं.

कंबर धरते तेव्हा आत नेमकं काय होतं? दहापैकी नऊ जणांत नेमकी कुठली पेशी, कुठला सांधा, कुठली चकती दुखावली हे खात्रीने दाखवता येत नाही. कंबरेत पाच मणके असतात. त्यांच्यामधल्या चकत्या, मागचे छोटे सांधे, अस्थिबंध आणि पाठीचे स्नायू, यांतल्या कशालाही झटका बसू शकतो. झटका बसला की आजूबाजूचे स्नायू राखण करायला आवळून बसतात. शरीर एका बाजूला वाकडं होतं, खोकला आला तरी ब्रह्मांड आठवतं. ही कळ इतकी भयंकर असते की आत काहीतरी तुटलंच, असं वाटतं. पण वेदनेचा जोर आणि इजेचा आकार यांचा सरळ हिशेब नसतो. कळेचा मोठा वाटा त्या आवळलेल्या स्नायूंचा आणि चिडलेल्या मज्जातंतूंचा असतो. भीतीने माणूस अंग आणखी आखडून धरतो आणि दुखणं लांबतं. म्हणून धीर देणं हा इथे उपचाराचाच भाग आहे.

झटका बसायला गॅसची टाकीच उचलावी लागते असंही नाही. १४.२ किलोचा गॅस आणि जवळपास तितक्याच वजनाची टाकी उचलताना निदान आपण सावध असतो. सिडनीच्या संशोधकांनी ९९९ रुग्णांना, दुखणं सुरू होण्याच्या थोडं आधी काय चाललं होतं, ते विचारलं. २०१५ साली आलेल्या त्या अभ्यासात अवघडून केलेलं काम आणि थकवा ही कारणं होतीच, पण सगळ्यांत वरचं निघालं ते काम करताना लक्ष दुसरीकडे असणं. सुरुवातीची वेळही पुष्कळदा सकाळचीच होती. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. अशा फुगलेल्या चकत्यांवर वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्या उठल्या वाकून अंथरुणं उचलणं, नळाला पाणी आलं म्हणून भरली बादली एका हाताने ओढणं, अशी कामं ज्यांची कंबर पूर्वी धरली आहे त्यांनी तासभर पुढे ढकलावीत. घरात दुसऱ्या कुणी ती उचलली तर अधिकच चांगलं, कारण आपल्याकडे ही कामं बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येतात.

आता ऐन कळेत आराम कसा मिळवायचा ते पाहू. जमिनीवर किंवा पलंगावर उताणं पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात, गुडघे आणि कंबर दोन्ही काटकोनात येतील अशा. पुष्कळांची कळ या स्थितीत काही मिनिटांत सैल होते. काहींना कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतल्यावर बरं वाटतं, तर काहींना पालथं पडल्यावर. ज्यात बरं वाटतं ती स्थिती तुमच्यासाठी बरोबर. उठताना सरळ उठून बसायचं नाही; आधी पूर्ण कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. जमिनीवरून उठायचं तर रांगण्याच्या स्थितीत यायचं, खुर्ची धरायची आणि एक पाय पुढे घेऊन उभं राहायचं. शिंक येतेय असं वाटलं तर भिंतीला हात टेकून गुडघे किंचित वाकवायचे. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं या दिवसांत नकोसं होतं, तेव्हा कमोडची खुर्ची कुणाकडून तरी मागून आणावी.

शेकाला संशोधनाचा आधार आहे. अंगाला गुंडाळण्याच्या ऊबदार पट्ट्यांवर प्रयोग झाले आणि पहिल्या काही दिवसांत त्यांनी वेदना थोडी पण खरीखुरी कमी होते असं दिसलं. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या ओव्याची किंवा वाळूची पुरचुंडी, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, यांतून ऊबच मिळते. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. मधुमेहाने ज्यांच्या त्वचेची जाणीव मंद झाली आहे त्यांनी फार जपावं, भाजलेलं कळत नाही. हलक्या हाताने तेल लावून घेण्यातही सुख आहे, मात्र ऐन कळेत कुणाला पाठीवर चढू देऊ नये.

औषधांच्या बाबतीत निकाल अनपेक्षित लागले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे १,६५० रुग्णांवर पॅरासिटामॉलची परीक्षा झाली. नियमित गोळी घेणारे, लागेल तशी घेणारे आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणारे, तिन्ही गटांना बरं व्हायला साधारण तितकेच, सोळा-सतरा दिवस लागले. २०२३ मध्ये अफूवर्गातल्या जोरदार गोळ्यांचीही अशीच परीक्षा झाली आणि त्याही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक या वर्गातल्या गोळ्या थोडा आराम देतात. त्या थोडे दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्या घातक ठरू शकतात. आणखी एक, पावसाळ्यात कंबर आणि सांधे ठणकत असतील आणि सोबत ताप असेल, तर तो डेंग्यू असू शकतो. डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून आधी रक्त तपासावं.

कंबरेला वजनं लावून ताण देण्याच्या उपचाराचा फायदा तपासण्यांत दिसलेला नाही. पट्टा दोन-चार दिवस बांधायला हरकत नाही, तेही प्रवासापुरता.

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते एमआरआयबद्दल. 'मणक्यात गॅप आहे', 'चकती सरकलीय', 'नस दबलीय' हे शब्द एकदा कानावर पडले की माणूस वर्षानुवर्षं वाकायला घाबरतो. पण ज्यांची कंबर कधीच दुखत नाही त्यांचा एमआरआय काढला तर काय दिसतं? अशा ३,११० निरोगी माणसांचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र मांडले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज होती, ऐंशीतल्यांत ९६ टक्के. फुगलेली चकती विशीत ३० टक्क्यांना, ऐंशीत ८४ टक्क्यांना. कुणालाही वेदना नव्हती! केस पिकावेत तशा चकत्याही पिकतात. नुसती कंबर दुखत असताना पहिल्या आठवड्यातच एमआरआय काढला, तर वयाच्या या खुणाच बहुधा हाती येतात आणि त्यांच्यावर दुखण्याचा आळ येतो.

चकती खरोखर फाटून आतला गर नसेवर आला आणि पायात सणक उतरली, म्हणजे सायटिका झाली, तरी शस्त्रक्रिया अटळ नसते. चकतीचा असा प्रकार बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी १९३४ साली नीट मांडला, त्यानंतर कितीतरी वर्षं शस्त्रक्रिया हेच उत्तर मानलं गेलं. आता माहीत आहे की बाहेर पडलेला हा गर शरीर परका समजतं, रक्तातल्या भक्षक पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. चकतीचा तुकडा पूर्ण सुटून पडला असेल तर तो आक्रसून जाण्याची शक्यता नुसत्या फुगवट्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्याला काही महिने मात्र लागतात.

इतका धीर दिल्यावर, काही खुणा अशाही सांगायला हव्यात ज्यांत थांबणं परवडत नाही. लघवीला जावंसं वाटतंय आणि होत नाही, किंवा नकळत होते. गुदद्वार, जननेंद्रिय आणि मांड्यांच्या आतला भाग बधिर झालाय. दोन्ही पायांतली शक्ती कमी होतेय. यांतलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट न पाहता मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जा. मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दाबला गेलेला असतो आणि तासातासाने नुकसान वाढतं. एका पायाचं पाऊल उचलताना लोंबू लागलं, तरी लगेच दाखवा.

बाकीच्या खुणा सावकाश येतात, म्हणून निसटतात. रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन यांतून मणक्याचा क्षयरोग निघू शकतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं. जगातले क्षयाचे सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात असताना आपण तो विसरून चालत नाही. पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्यांनी नवी पाठदुखी अंगावर काढू नये. पाळी गेलेल्या बाईची किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याची पाठ, एसटी खड्ड्यात आदळल्याचं निमित्त होऊन एकाएकी दुखू लागली, तर मणका दबून मोडलेला असू शकतो. कुशीत सुरू होऊन जांघेकडे उतरणारी, कुठल्याच स्थितीत चैन पडू न देणारी कळ बहुधा मुतखड्याची असते. असं गंभीर कारण निघण्याचं प्रमाण कमीच आहे: सिडनीत प्राथमिक उपचारांसाठी आलेल्या १,१७२ रुग्णांपैकी ११ जणांत ते सापडलं. त्यांतले आठ जण मोडलेल्या मणक्याचे होते.

उसण एकदा येऊन गेली की पुन्हा येण्याची शक्यता राहते. ती लांबवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय २०२४ मध्ये तपासला गेला. ऑस्ट्रेलियात, नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली चालायला लावलं; हळूहळू वाढवत सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास इथवर पोचायचं होतं. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांनी परतलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांनी. कळ ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालेल. चढ आणि जिने नंतर घ्यावेत.