कायम निधी म्हणजे कायमची मदत नव्हे

दिवाळी तोंडावर आली की आमच्या भागातल्या सोसायट्यांमध्ये खाद्यजत्रा, फराळाचे स्टॉल, जुन्या पुस्तकांची विक्री असं काय काय सुरू होतं, आणि जमलेले पैसे बेघर बायका-मुलांना सांभाळणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यायचे ठरतात. पैसे जमवण्यात आपली माणसं पटाईत आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. घोळ होतो तो चेकसोबत जाणाऱ्या पत्रात. कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहितं, ‘सदर रक्कम आपल्या संस्थेच्या कायम निधीसाठी स्वीकारावी.’ बाकीचे माना डोलावतात, कारण ‘कायम’ शब्दाला वजन आहे. मी गेली काही वर्षं आमच्या महिला मंडळाची खजिनदार आहे आणि हे वाक्य इतक्या वेळा खोडलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

साधी देणगी काय असते हे तुम्हाला ठाऊक आहे. पैसे दिले, पावती घेतली, संस्थेने ते डाळ-तांदूळ, वीजबिल, पगार, औषधं यांवर खर्च केले. यात समजावण्यासारखं काही नाही. हिला पुढे ‘चालू देणगी’ म्हणते.

कायम निधी म्हणजे ज्याला हिशेबनीस मंडळी कॉर्पस म्हणतात तो. पैसे देणाऱ्याने लेखी सांगितलेलं असतं की मुद्दलाला हात लावायचा नाही, ते गुंतवायचं आणि फक्त त्याचं उत्पन्न वापरायचं. म्हणजे तुमचा चेक थेट मुदत ठेवीत जातो. संस्थेच्या स्वयंपाकघरात पोचतं ते फक्त व्याज.

हे कळूनही लोक अडखळतात, कारण ‘कायम’ हे विशेषण कशाला लागतं ते त्यांनी मनात उलटं धरलेलं असतं. त्यांना वाटतं, मदत कायम. प्रत्यक्षात कायम राहतं ते मुद्दल, बँकेत. मदत किती, हे व्याजदर ठरवतो आणि तिची किंमत किती उरते, हे महागाई ठरवते.

आमच्याच मंडळाचं उदाहरण सांगते. एका वर्षी खाद्यजत्रेतून १,८७,५०० रुपये जमले. दोन दिवस थालीपीठ थापून हात भाजलेल्या बायकांना त्या आकड्याचा कोण आनंद! एका तालुक्याच्या गावी रस्त्यावर आलेल्या बायका आणि त्यांची मुलं सांभाळणारी संस्था आम्ही पाहून आलो होतो. तिथल्या ताईंनी गरज अगदी स्पष्ट सांगितली होती: रात्री थांबणारी काळजीवाहिका सोडून गेली आहे, नवी ठेवायला पैसे नाहीत. रात्री-अपरात्री पोलीस एखाद्या बाईला मुलांसकट आणून सोडतात, तेव्हा दार उघडायला, गरम पाणी द्यायला, तापलेल्या पोराला दवाखान्यात न्यायला माणूस लागतं. पगार महिना १२,५०० रुपये. आमच्या रकमेत ती बाई बरोबर पंधरा महिने राहिली असती.

आणि आम्ही पत्रात लिहिलं, ‘कायम निधीसाठी’.

सात टक्के व्याज धरा. वर्षाला १३,१२५ रुपये. म्हणजे काळजीवाहिकेचा एक महिन्याचा पगार आणि वर ६२५ रुपये. उरलेले अकरा महिने रात्री दार कुणी उघडायचं? आमचं नशीब, संस्थेचं हिशेबाचं काम पाहणारी मुलगी चलाख होती. तिने पावती फाडण्याआधी फोन केला. ‘काकू, पत्रातला एक शब्द बदलून द्याल का? नाहीतर हे पैसे मला वापरताच येणार नाहीत.’ मला आधी राग आला, कबूल करते. एवढे दोन लाखांच्या घरात पैसे दिले आणि वर आम्हालाच दुरुस्त्या! मग तिने वरचा गुणाकार फोनवर करून दाखवला आणि मी गप्प बसले. नवं पत्र त्याच संध्याकाळी गेलं.

पावती फाटली असती तर? इथे दुसरा गैरसमज येतो. लोकांना वाटतं, ‘अहो, अडचण आली तर वापरतील की, आपण कुठे तपासायला जाणार आहोत?’ संस्थेच्या ताळेबंदात हा निधी वेगळ्या ओळीत बसतो. प्राप्तिकराच्या नियमांप्रमाणे तो ठरावीक प्रकारच्या गुंतवणुकीतच ठेवावा लागतो, आणि २०२१ च्या बदलानंतर त्यातून केलेला खर्च संस्थेच्या त्या वर्षीच्या धर्मादाय खर्चात मोजला जात नाही, ती रक्कम पुन्हा निधीत भरेपर्यंत. वर्ष संपल्यावर संस्था देणगीदारांची यादी ठरावीक फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत सरकारकडे भरते, त्यात देणगीचा प्रकार लिहायचा रकाना असतो. तिथे एकदा ‘कॉर्पस’ गेलं की नंतर शब्द बदलायचा म्हणजे ऑडिटरसमोर हात जोडून उभं राहायचं. प्रामाणिक संस्था त्या पैशाला हात लावत नाही. म्हणजे तुमच्या एका शब्दाने अडचण होते ती नेमकी प्रामाणिक संस्थेची.

याची दुसरी बाजूही लोकांना माहीत नसते. संस्था स्वतःहून आलेल्या देणगीला कायम निधी ठरवू शकत नाही, तसा शब्द देणाऱ्याकडून लेखी यावा लागतो. म्हणून काही ठिकाणी पावतीपुस्तकासोबत छापील पत्र पुढे करतात, ‘इथे सही करा’. त्यामागे लबाडीच असते असं अजिबात नाही. चालू देणगीसारख्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्च करावे लागतात, उरले तर रीतसर कळवून पाच वर्षांपर्यंतच बाजूला ठेवता येतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार मोठे चेक येऊन पडले की त्यांना धाप लागते, आणि त्यांचा सीए कॉर्पसचा रस्ता दाखवतो, कारण त्याला ही ८५ टक्क्यांची अट नाही. पण छापील पत्रावर सही करण्याआधी वाचा. आणि विचारा, ‘आत्ता तुम्हाला काय कमी पडतंय?’ उत्तर ‘पगार’ असं आलं, तर सही करू नका.

अन्नदानाची ठेव हा याच घोळाचा आपल्याकडचा लाडका अवतार. ‘इतकी रक्कम भरा, दरवर्षी तुमच्या तिथीला आमच्या मुलांना गोडाचं जेवण.’ एका संस्थेच्या जेवणघरात संगमरवरी पाटी पाहिली होती. नावांची दोन खणी रांग, प्रत्येकापुढे ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ, रु. १,००१’. साल १९८७. तेव्हा बँकेत दहा टक्के मिळायचे, वर्षाचे शंभर रुपये यायचे आणि त्यात वरण-भात-शिऱ्याची एक पंगत निभावून जायची. आज सात टक्के धरले तर सत्तर रुपये होतात. सत्तर रुपयांत एक लिटर म्हशीचं दूधही कुठे कुठे येत नाही. तरीही दर वर्षी त्या तिथीला संस्था शिरा करते, आजोबांच्या नातवाला पोस्टकार्डाऐवजी आता व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवते, आणि फरक आपल्या खिशातून भरते. नातू फोटो ‘फॅमिली’ ग्रुपवर टाकतो. म्हणजे इथे दाता कोण आणि घेणारा कोण, सांगा बरं.

दगडी पाट्यांचा मला एकूणच राग आहे, तो इथे निघाला. चालू देणगीची पाटी कुणी लावत नाही. ‘ऑगस्ट महिन्याचं वीजबिल, सौ. अमुक यांजकडून’ असं कोरलेलं मी अजून तरी पाहिलं नाही.

जुनी माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त व्यवहारी होती. पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या तेव्हा, १८८७ साली, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने त्यांच्या विधवांसाठीच्या नियोजित शाळेला दहा वर्षं खर्च पुरवण्याचं वचन दिलं, आणि गावोगावच्या ‘सर्कल’ म्हणजे स्थानिक गटांमधून वर्गणी गोळा झाली. त्या आधारावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. कुणाच्या तरी घरातून हाकललेल्या विधवेला आज जेवायला लागतं, हे तिथल्या लोकांना साता समुद्रापलीकडून कळलं होतं. आणि घरच्या घरी बघायचं तर महर्षी कर्व्यांच्या संस्थेचा भाऊबीज निधी आहेच. दिवाळीत सेवक दारोदार जातात, ज्याला जे जमेल ते देतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातात. नाव किती अचूक आहे बघा. कुठला भाऊ बहिणीच्या नावाने एकदाच ठेव ठेवून सांगतो, ‘ताई, यापुढे ओवाळणी व्याजातून घेत जा’?

तर माझं मत सरळ आहे. सोसायटी, मंडळ, भिशीचा गट, शाळेचे जुने विद्यार्थी, अशा लोकांनी जमवलेली पाच-पंचवीस हजारांपासून चार-पाच लाखांपर्यंतची रक्कम चालू देणगी म्हणूनच द्यावी. शक्य असेल तर सगळी एकदम देऊ नये, तीन वर्षांत वाटून द्यावी आणि तसं आधी सांगावं. संस्थेला माणूस नेमायचा असतो. पुढच्या वर्षी पैसे येणार हे कळलं तर ती नेमते, नाहीतर आलेल्या पैशाची भांडी घेते. (भांडी सगळेच देतात. एका ठिकाणी अठ्ठावीस कुकर मोजले होते मी.)

कायम निधी वाईटच असतो का? घर विकून मिळालेली, मृत्युपत्राने आलेली, पन्नास लाख-कोटीतली रक्कम असेल, संस्था दोन-तीन दशकं नीट चालत असेल आणि तिनेच मागितलं असेल, तर जरूर द्या. तिथे व्याजातून एका पगाराची नाही, दोन-चार पगारांची सोय होते. पण अशी रक्कम सोसायटीच्या भेळेच्या स्टॉलमधून येत नाही. आणखी एक, तुमचं मंडळ स्वतःच नोंदणीकृत न्यास असेल आणि करसवलत घेत असेल, तर दुसऱ्या न्यासाच्या कायम निधीला दिलेली रक्कम तुमच्या ८५ टक्क्यांच्या खर्चात धरली जात नाही. २०१७ पासून. म्हणजे तिकडे पैसे अडकले आणि इकडे तुमच्या हिशेबालाही उपयोग नाही.

‘विशिष्ट कारणासाठी’ दिलेली देणगी हा तिसरा प्रकार, तो यात मिसळू नका. पिठाच्या गिरणीसाठी दिले तर गिरणी येईल, मुद्दल खर्च होईल, कुठे अडकणार नाही. फक्त गिरणी दोन हजारांनी स्वस्त मिळाली तर उरलेल्याचं काय करायचं, हे पत्रात लिहून ठेवा.

बाकीच्या शंका किरकोळ आहेत, भराभर उरकते. देणगीदाराची करसवलत (जिला ८०जीची म्हणतात) दोन्ही प्रकारांना मिळू शकते, त्यासाठी ‘कायम’ लिहायची गरज नाही. रोख २,००० च्या वर दिले तर सवलत नाही. साड्या, तांदूळ, खेळणी दिली तर सवलत नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर तशीही नाही, तेव्हा त्यावरून मीटिंगमध्ये तासभर भांडू नका. सगळ्यांचे पैसे गोळा करून मंडळाचा एक चेक दिला तर पावती मंडळाच्याच नावे येते, कुणाला वैयक्तिक हवी असेल त्याने आपले थेट संस्थेला पाठवावेत. आणि मंडळाची नोंदणी नसेल तर लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे कलम ४१ क खाली रीतसर अर्ज करा. गणेश मंडळं करतात तोच.

फोटोंबद्दल एकच वाक्य: निवाऱ्यातल्या मुलांना केक भरवतानाचे फोटो टाकू नका. संस्थेत असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, आणि त्या मुलाचा बाप कदाचित त्याच्या आईला शोधत फिरत असतो.

आमचं पत्र आता असं जातं. हवं तर जसंच्या तसं उचला: ‘सोबत रु. ____ चा चेक जोडत आहोत. ही रक्कम संस्थेच्या चालू खर्चासाठी, विशेषतः कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी आहे. ही कायम निधीसाठी नाही. अधिक निकडीची गरज आल्यास संस्थेने आपल्या उद्दिष्टांनुसार ती अन्यत्र वापरण्यास आमची हरकत नाही.’ चार ओळी आहेत. तिसरी ओळ आमच्या अध्यक्षीणबाईंना उद्धट वाटते, दर वर्षी खोडायला सांगतात. मी खोडत नाही.

हे लिहीत असतानाच शेजारच्या सोसायटीच्या पत्राचा मसुदा मोबाइलवर आला आहे, ‘जरा नजर टाका’ म्हणून. विषय: कायम निधीसाठी देणगीबाबत. फोन लावते.