ग्रह तोलून धरलेले नाहीत, ते पडतच आहेत

गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण हा गुरू सूर्याभोवती फिरतो तरी कसा? त्यावर हमखास मिळणारं उत्तर असं: सूर्य आत ओढतो, अपकेंद्री बल बाहेर ढकलतं, दोन्ही सारखी म्हणून ग्रह मधल्यामध्ये राहतो. वर्षानुवर्षं हे सांगितलं जातंय, आणि ते चूक आहे.

दोन बलं खरोखर एकमेकांना खोडत असती, तर ग्रह वळलाच नसता. सरळ रेषेत निघून गेला असता.

शेतात पाखरं हाकायची गोफण आठवा. दोरी सुटल्यावर दगड बाहेरच्या दिशेला उडत नाही. सुटला त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता, तिकडेच सरळ जातो. त्याला वळवत होती ती फक्त दोरी. ग्रहांच्या बाबतीत ती दोरी म्हणजे सूर्याचं गुरुत्वाकर्षण, आणि बल तेवढं एकच.

पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर पुढे जाते. तेवढ्यात सूर्याकडे पडते जेमतेम 3 मिलिमीटर! मला हा आकडा फार सुंदर वाटतो. इतकंसं पडणं, पण क्षणभरही न थांबणारं. त्यानेच सरळ वाट वाकते आणि कक्षा होते. (आपणही ग्रहासोबत फिरतोय असं मानून, म्हणजे फिरत्या चौकटीतून, गणित मांडताना अपकेंद्री बल धरतात, ते सोयीसाठी.)

गुरू सूर्यापासून दूर, तिथे ओढ कमी. तो सेकंदाला 13 किलोमीटरच चालतो, आणि त्याची एक फेरी 11.86 वर्षांची. सिंहस्थ साधारण बारा वर्षांनी येतो तो म्हणूनच.