बॅरी

बॅरी : वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदर आणि समुद्रपर्यटनाचे गाव. वेल्श नाव ‘अ बॅरी’. राजधानी कार्डिफच्या नैर्ऋत्येस सुमारे १४ किमी., ब्रिस्टल खाडीच्या काठी. लोकसंख्या ५० हजारांहून अधिक. ब्रिटनमध्ये आज ‘बॅरी आयलंड’ म्हटले की वाळू, पाळणे आणि चिप्स आठवतात; पण १९१३ साली जगात सर्वांत जास्त दगडी कोळसा निर्यात करणारे बंदर हेच होते.

गावाचाच भाग असलेले हे ‘आयलंड’ आता बेट राहिलेले नाही. एके काळी ते खरेच बेट होते आणि ओहोटीला मधल्या चिखलातून तिथे चालत जाता येई. संत बारुक याच्यावरून बॅरी हे नाव पडले, असे मानतात. गुरू संत कॅडोकचा विसरलेला ग्रंथ आणायला तो फ्लॅट होम बेटावर परत गेला, येताना बुडाला आणि त्याचे शव या बेटाला लागले, अशी आख्यायिका आहे. या बेटाचे नाव लावणाऱ्या द बारी घराण्यातला बाराव्या शतकातील धर्मोपदेशक जेराल्ड याने इथल्या एका खडकाच्या भेगेबद्दल लिहून ठेवले आहे : भेगेला कान लावला की आतून लोहाराचा भाता आणि घणाचे घाव ऐकू येतात.

खरे घाव पडायला सातशे वर्षे जावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऱ्होंडा खोऱ्यातील कोळशाला जगभर मागणी होती. तो धूर कमी करी आणि उष्णता जास्त देई, त्यामुळे आरमारे आणि आगबोट कंपन्या त्याच्यावर टपलेल्या असत. माल मात्र कार्डिफच्या गोदीत अडके. ती गोदी ब्यूटच्या मार्क्विस या उमरावाची आणि तिथवर नेणारा लोहमार्ग टॅफ व्हेल कंपनीचा. वाघिणी ताटकळत उभ्या राहत, जकात वर भरावी लागे. वैतागलेल्या खाणमालकांनी स्वतःचेच बंदर आणि स्वतःचीच रेल्वे बांधायचे ठरवले. त्यांचा पुढारी लँडिनमचा डेव्हिड डेव्हिस. हा करवतीच्या खड्ड्यावर लाकूड चिरत वाढलेला माणूस, पुढे रेल्वेचा कंत्राटदार आणि मग खाणमालक झाला. १८८३ मध्ये त्यांचे विधेयक संसदेत फेटाळले गेले. १८८४ मध्ये मंजुरी मिळाली.

जागा हेरली ती बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली. खाडी दोन्ही तोंडांनी बांधून काढली आणि मध्ये गोदी खोदली. बेटाचे बेटपण तिथेच संपले. इथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १२ मीटरांच्या आसपास जातो, म्हणून गोदीतले पाणी दरवाजांनी कोंडून ठेवावेच लागते. मुख्य अभियंता होता लंडनचा टॉवर ब्रिज बांधणारा जॉन वुल्फ बॅरी. त्याच्या आडनावाचा आणि या गावाचा संबंध निव्वळ योगायोगाचा. पहिली गोदी १८ जुलै १८८९ रोजी उघडली. दुसरी गोदी १८९८ मध्ये झाली आणि त्याच वर्षी लेडी विंडसर हा खोल लॉकही (दोन दरवाजांमध्ये पाणी कमी-जास्त करून बोटी आत-बाहेर नेणारा कप्पा), ज्यातून ओहोटीलाही मोठ्या बोटी आत-बाहेर करू शकत. १८८१ मध्ये जेमतेम काही शे वस्ती असलेल्या या खेड्यांचे वीस वर्षांत २७ हजारांचे शहर झाले. १९१३ मध्ये १ कोटी १० लाख टन कोळसा इथून गेला. मुंबई-विलायत वाटेवरचे एडन १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या कारभारात होते. तिथल्या आगबोटींच्या साठ्यातही वेल्श कोळसा असे.

डेव्हिस १८९० मध्येच वारला. त्याच्या नाती ग्वेंडोलिन आणि मार्गारेट यांनी वारशाच्या पैशातून मोने, रेन्वार, सेझान यांची चित्रे घेतली आणि ती कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. कोळशाच्या पैशाचा एवढा देखणा विनियोग क्वचितच झाला असेल. गोदी कार्यालयासमोर डेव्हिसचा आल्फ्रेड गिल्बर्टने घडवलेला पुतळा आहे. त्यात तो गोदीचा नकाशा पाहतो आहे.

कोळशासाठी टाकलेली रेल्वे १८९६ मध्ये बेटापर्यंत पोचली आणि खाणकामगार कुटुंबकबिल्यासह व्हिटमोर बेच्या पुळणीवर येऊ लागले. जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा ही खाणींची सुट्टी. त्या पंधरवड्यात जणू अख्खी खोरी इथे उतरत. एका बाजूला पुळण, टेकाडापलीकडे कोळशाची गोदी, अशी ही शेजारशेजारची दोन जगे होती. बिली बटलिनचा शेवटचा सुट्टी-कॅम्प १९६६ मध्ये इथल्याच नेल्स पॉइंटवर उघडला. तो १९९६ पर्यंत टिकला.

बंदराने देशोदेशीचे खलाशी आणले आणि तणावही. जून १९१९ मध्ये कार्डिफ, न्यूपोर्टप्रमाणे बॅरीतही कृष्णवर्णीयांवर जमावाने हल्ले केले. त्याच वर्षी इथे जन्मलेले अब्दुलरहीम ॲबी फराह पुढे सोमालियाचे राजदूत आणि संयुक्त राष्ट्रांचे उपमहासचिव झाले. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार ग्विनफर एव्हन्स (१९१२) आणि ऑस्ट्रेलियाच्या माजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड (१९६१) यांचा जन्मही इथलाच.

जहाजे तेलावर चालू लागली आणि कोळशाचा धंदा ओसरला. रिकाम्या रुळांवर मग एक वेगळीच गर्दी झाली. १९५९ पासून ब्रिटिश रेल्वेची बाद झालेली वाफेची इंजिने डाय वुडम यांच्या भंगार अड्ड्यात येऊ लागली. जुन्या वाघिणी मोडणे सोपे, म्हणून कामगार आधी त्यांना हात घालत. इंजिने खाऱ्या वाऱ्यात गंजत तशीच उभी राहिली. हौशी मंडळींनी वर्गणी काढून ती विकत घ्यायला सुरुवात केली. १९६८ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले आणि एकूण २९७ पैकी २१३ वाचली. ब्रिटनमधल्या वारसा-रेल्वेंवर आज धावणाऱ्या इंजिनांपैकी बरीचशी या अड्ड्यातली आहेत.

गोदीत आता रसायने आणि किरकोळ माल चालतो, काठावर नवी घरे उभी राहिली आहेत. २००७ मध्ये सुरू झालेल्या बीबीसीच्या एका विनोदी मालिकेचे चित्रीकरण इथे झाल्यापासून तिचे चाहते गल्लीबोळ शोधत येतात. कार्डिफहून गाडी अजूनही थेट बेटावर जाते.