सोलापूरकरांचं कॅथीड्रल पुण्यात, आणि छताची जुनी भानगड

सोलापुरात कॅथोलिक चर्च आहे, कॅथीड्रल नाही. बिशप म्हणजे एका धर्मप्रांताचा, ठरावीक प्रदेशातल्या चर्चांचा, प्रमुख. त्याचं आसन ज्या चर्चमध्ये असतं ते कॅथीड्रल. इमारत लहान की मोठी याच्याशी त्याचा संबंध नाही. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, म्हणून इथल्या कॅथोलिकांचं कॅथीड्रल म्हणजे पुण्यातलं, एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक्स. सोलापुरात 'मिशन' म्हटलं की जुन्या लोकांना अमेरिकन मराठी मिशन आणि त्यांच्या शाळाच आठवतात. पण तो प्रोटेस्टंट पंथ. त्यांच्यात पोप नाही, आणि त्या मिशनच्या चर्चना कॅथीड्रलही नव्हतं.

सेंट पॅट्रिक्स १८५० मध्ये बांधलं गेलं ते ब्रिटिश लष्करातल्या आयरिश शिपायांसाठी. नाव त्यावरूनच पडलं, पॅट्रिक हा आयर्लंडचा संत. सोलापूरला रेल्वे पोचायला तेव्हा अजून दहा वर्षं होती, आणि पुण्याचा धर्मप्रांत व्हायला तर १८८६ साल उजाडलं. म्हणजे छावणीतल्या शिपायांच्या सोयीसाठी उभी राहिलेली इमारत पुढे अख्ख्या धर्मप्रांताचं मुख्य चर्च झाली. आज आत उभं राहून वर पाहिलं तर जे छत दिसतं ते मात्र १८५० चं नाही. जुनं छत कोसळलं आणि १९८० च्या दशकात ते नव्यानं बांधावं लागलं. हे ऐकून काही जण हिरमुसतात, 'मग मूळ राहिलं काय?' म्हणतात. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. चर्चच्या वास्तुकलेचा निम्मा इतिहास हा छत पडू नये म्हणून केलेल्या खटपटींचा आहे.

ही खटपट समजून घ्यायला युरोपात जायची गरज नाही, विजापूर पुरे. गोलघुमटाच्या मधल्या दालनात एकही खांब नाही. एवढा घुमट खालच्या भिंतींना सतत बाहेर ढकलत असतो. त्यावर आदिलशाही कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उभारल्या, त्या वर जाताना आत झुकतात आणि त्यांचं वजन घुमटाच्या रेट्याला उलट दाबून धरतं. कोपऱ्यात उभं राहून मान वर केली की कमानी एकमेकींत कशा गुंततात ते नीट दिसतं. बहुतेक लोक मात्र तडक वर जाऊन आवाजाचे प्रतिध्वनी मोजत बसतात.

युरोपातल्या गवंड्यांपुढे अडचण हीच होती, उत्तर वेगळं निघालं. आधी त्यांनी भिंतीच जाड केल्या. छत टिकलं, पण खिडक्या लहान ठेवाव्या लागल्या आणि आत अंधार. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसमध्ये ११४४ साली मठाधिपती सुजेरनं वेदीकडचा भाग नवा करून घेतला. टोकदार कमानी आणि दगडी फासळ्यांमुळे छताचा भार ठरावीक खांबांवर उतरला, भिंती मोकळ्या झाल्या, त्यांच्या जागी रंगीत काचा आल्या. पुढे इमारतीच्या बाहेरून तिरके दगडी टेकू आले. हीच गॉथिक शैली. मग उंचीची चढाओढ लागली. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथीड्रलचं छत ४८ मीटरपर्यंत नेलं आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग खाली आला. ते कॅथीड्रल आजही अर्धवटच आहे.

सोळाव्या शतकात काळजीचा विषय बदलला. कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनंतर (१५४५-६३) लोकांना प्रवचन ऐकू यावं आणि वेदी दिसावी, यावर भर आला. रोममधल्या जेसुइटांच्या, म्हणजे एका कॅथोलिक धर्मगुरुसंघाच्या, इल जेसू चर्चचं मधलं दालन त्यासाठीच रुंद आणि सलग ठेवलं आहे. त्याच काळातलं आपल्या जवळचं कॅथीड्रल म्हणजे जुन्या गोव्यातलं से कॅथीड्रल. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा कुणी बांधला नाही. आता तो एकुलता मनोराच त्याची ओळख झाला आहे. समोरच्या बॉम जेझू बासिलिकाची गंमत आणखी वेगळी. तिच्या उघड्या तांबड्या जांभ्याचे फोटो काढून लोक 'चारशे वर्षांपूर्वीचं रूप' म्हणतात. ते रूप १९५० च्या दशकातलं आहे. तोवर जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता, तो पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी काढून टाकला. जांभा सच्छिद्र, पावसात झिजणारा. त्यामुळे गिलावा परत करावा अशी मागणी होते आहे. ती मला पटते, फोटोंचं काय व्हायचं ते होवो.

सगळ्यात मोठा बदल मात्र छताचा नाही, बसण्याउठण्याचा. कॅथोलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा, म्हणजे वेदीवरचा मुख्य उपासनाविधी, लॅटिनमध्ये चाले आणि फादर लोकांकडे पाठ करून, सगळ्यांसोबत वेदीकडे तोंड करून उभे राहत. ४ डिसेंबर १९६३ ला या परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर झाला आणि स्थानिक भाषांना वाट मिळाली. लवकरच फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, मराठीत मिस्सा होऊ लागली. जुन्या चर्चमध्ये गेलात तर हा बदल सहज सापडतो. मागे भिंतीला लागून उंच, सोनेरी, नक्षीची जुनी वेदी, आणि तिच्यापुढे सुटं, साधं मेज. आता विधी होतो तो त्या मेजावर. नव्या इमारतींची तर आखणीच बदलली. लिव्हरपूलचं कॅथोलिक कॅथीड्रल (१९६७) गोल आहे. वेदी मधोमध, आणि कीर्तनाला बुवांभोवती बसावं तसे लोक तिच्याभोवती. ब्राझिलियामध्ये ऑस्कर निमायरनं वक्र काँक्रीटचे खांब आणि मध्ये काचा, एवढ्यावर कॅथीड्रल उभं केलं. तिथे भिंत अशी जवळपास नाहीच.

पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ ला जळालं तेव्हा लाकडी छप्पर गेलं, मनोराही कोसळला. तो मनोरा एकोणिसाव्या शतकातला होता, म्हणजे मूळ इमारतीच्या मानानं कालपरवाचा. तरी बरेच वाद होऊन तो होता तसाच, लाकूड आणि शिसं वापरून बांधायचं ठरलं. डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडली तेव्हा तो जागेवर होता. आत लोकांसमोर ठेवलेली वेदी मात्र नवी कोरी होती, ब्राँझची.