मॉन्गोडीबीवरची जेनेरिक रिपॉझिटरी : पार्श्वभूमी

डॉटनेटमध्ये रिपॉझिटरीची, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा कोड वेगळ्या थरात ठेवण्याची, सवय लागली ती टेबलांच्या (रिलेशनल डेटाबेसच्या) काळात. 2008 मध्ये टेबलातल्या ओळी ऑब्जेक्ट (एन्टिटी) म्हणून वापरू देणारं एन्टिटी फ्रेमवर्क आलं आणि प्रत्येक एन्टिटीसाठी तेच ते गेट, अ‍ॅड, डिलीट लिहिण्याऐवजी एकच जेनेरिक (कुठल्याही टाइपला चालणारा) क्लास लिहिणं रूढ झालं. टेबलांऐवजी डॉक्युमेंट साठवणारी मॉन्गोडीबी 2009 मध्ये आली. तिच्याकडे वळलेल्या अनेक टीमनी हाच थर जसाच्या तसा सोबत नेला.

वाद पेटला तो डेटा शोधणाऱ्या फाइंड मेथडवरून. आयक्वेरिएबल (अजून न चाललेली, पुढे अटी जोडता येणारी क्वेरी) सरळ बाहेर द्यावं, रिपॉझिटरी वापरणारी सर्व्हिस हवी ती अट आणि सॉर्टिंग लावेल, असा एक पक्ष. अट एक्स्प्रेशन (क्वेरीत भाषांतर करता येईल असं अटीचं रूप) म्हणून आत घ्यावी आणि तयार यादी परत द्यावी, असा दुसरा. दुसराच बरोबर आहे. आयक्वेरिएबलवर लिहिलेलं सगळं बिनतक्रार कंपाइल होतं, पण त्यातलं किती मॉन्गोच्या क्वेरीत उतरेल हे चालवल्यावरच कळतं. अटीत स्वतःची सी-शार्प मेथड वापरली की थेट एक्सेप्शन. तेही परवडलं, निदान चूक दिसते तरी. पॅरामीटरचा टाइप एक्स्प्रेशनऐवजी नुसता फंक (थेट चालवायचं, भाषांतर न होणारं फंक्शन) ठेवला आणि तो आत आयक्वेरिएबलच्या व्हेअरला दिला, तर एररसुद्धा येत नाही. ‘शहर पुणे’ एवढ्या अटीसाठी अख्खं कलेक्शन अ‍ॅप्लिकेशनकडे ओढलं जातं आणि अट तिथे तपासली जाते. शहरावर इंडेक्स असूनही तो वापरलाच जात नाही. शंभर डॉक्युमेंटच्या टेस्ट डेटावर हे कुणाच्या लक्षात येणार?

अपडेटचंही तसंच. जेनेरिक अपडेट बहुधा पूर्ण डॉक्युमेंट रिप्लेस करतो. एकाने पत्ता बदलला, दुसऱ्याने त्याच वेळी फोन नंबर. व्हर्जन तपासलं नाही तर नंतर सेव्ह करणारा पहिल्याचा बदल पुसून टाकतो. नेमकं एकच फील्ड बदलायची सोय मॉन्गोत आहे, पण जेनेरिक इंटरफेसमध्ये तिला जागाच ठेवलेली नसते.

2015 मध्ये मॉन्गोचा डॉटनेट ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) 2.0 असिंक मेथड घेऊन आला. 2018 मध्ये खुद्द मॉन्गोडीबीच्या आवृत्ती 4.0 ने अनेक डॉक्युमेंटवरची ट्रान्झॅक्शन दिली आणि प्रत्येक मेथडमधून सेशन (ट्रान्झॅक्शन ज्यात चालते तो ऑब्जेक्ट) पुढे द्यायची वेळ आली. 2023 च्या ड्रायव्हर 2.19 मध्ये नवं लिंक (LINQ) इंजिन, म्हणजे आयक्वेरिएबलचं मॉन्गोच्या क्वेरीत भाषांतर करणारा भाग, डीफॉल्ट झालं, 2024 च्या 3.0 मध्ये जुनं काढून टाकलं. ज्यांनी आयक्वेरिएबल सगळीकडे पसरू दिलं होतं, त्यांना क्वेऱ्या सर्व्हिस कोडभर शोधून तपासाव्या लागल्या. 2024 मध्येच ईएफ कोअरचा (एन्टिटी फ्रेमवर्कच्या नव्या रूपाचा) मॉन्गो प्रोव्हायडर, म्हणजे त्याला मॉन्गोशी जोडणारा भाग, स्थिर झाला. त्यातला डीबीसेट (एका एन्टिटीचा संग्रह दाखवणारा क्लास) स्वतःच रिपॉझिटरीचं काम करतो, त्यामुळे त्यावर आणखी एक जेनेरिक थर चढवायचा का, हा टेबलांच्या काळातला वाद आता इथेही सुरू झाला आहे.