कलम ३१९ (बी): परदेशी पोस्टिंगवरच्या अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराची सिटिझनशिप

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्या माणसाला ग्रीनकार्ड मिळाल्यावर सिटिझनशिपसाठी साधारण ३ वर्षं थांबावं लागतं (बाकीच्यांना ५), आणि त्या ३ वर्षांतले किमान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. आता नवऱ्याला कंपनीनेच ३ वर्षांसाठी पुण्याला किंवा सिंगापूरला पाठवलं तर बायकोने काय करायचं? सोबत गेली तर दिवस भरत नाहीत, वर ग्रीनकार्ड धोक्यात, आणि मागे राहिली तर दोन देशांत दोन चुली. यावर तोडगा म्हणून १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमध्ये कलम ३१९ (बी) आहे. अर्थात नवरा-बायको उलटसुलट असले तरी नियम तोच.

या कलमाखाली दिवस मोजायची भानगडच नाही. ग्रीनकार्ड मात्र हवंच, ते नसताना थेट सिटिझनशिप मिळते हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. लग्न भारतात झालं असेल तर आधी मुंबईच्या कॉन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसा, मग अमेरिकेत उतरलं की ग्रीनकार्ड, आणि त्यानंतर लगेच एन-४०० फॉर्म (सिटिझनशिपचा अर्ज) भरता येतो. इंग्रजी आणि सिव्हिक्सची (अमेरिकेचा इतिहास, राज्यकारभार) परीक्षा, चांगल्या वर्तणुकीची अट वगैरे सगळ्यांसारखंच.

खरी मेख आहे ती नागरिक जोडीदाराच्या नोकरीत. कुठलीही परदेशातली नोकरी चालत नाही. अमेरिकन सरकार (सैन्य धरून), सरकारमान्य अमेरिकन संशोधन संस्था, अमेरिकेचा परदेश-व्यापार वाढवणारी अमेरिकन कंपनी किंवा तिची उपकंपनी, अमेरिका करारानुसार किंवा कायद्यानुसार सदस्य असलेली आंतरराष्ट्रीय संस्था (संयुक्त राष्ट्रं, वर्ल्ड बँक), नाहीतर अमेरिकेत संघटना असलेल्या धर्मपंथाचं पौरोहित्य किंवा मिशनरी काम, एवढंच धरतात. आणि पोस्टिंग किमान १ वर्षाचं लागतं. आपल्या आयटीवाल्यांची गाडी इथेच अडते, कारण कंपनी अमेरिकेत रजिस्टर झाली म्हणून ती अमेरिकन ठरत नाही, निम्म्याहून जास्त मालकी कोणाची ते बघतात. म्हणजे भारतीय कंपनीच्या न्यूजर्सीतल्या शाखेत काम करणाऱ्याला बंगळुरूला पाठवलं तर त्याच्या बायकोला या कलमाचा उपयोग नाही. स्वतःच्या हौसेने गोव्यात बसून फ्रीलान्स करणाऱ्याचं तर विचारूच नका.

त्यामुळे अर्जात सगळ्यात वजनदार कागद म्हणजे कंपनीचं पत्र. एचआरवाले सवयीने 'टू हूम इट मे कन्सर्न' छापाचं दोन ओळींचं पत्र देतात, त्याने भागत नाही. कंपनी कोणाच्या मालकीची, धंदा काय, माणूस कुठे आणि किती काळासाठी जातोय, हे त्यात आलं पाहिजे. सोबत अर्जदाराने लिहून द्यायचं की मी जोडीदारासोबत परदेशात राहणार आहे आणि त्याची तिकडची नोकरी संपली की लगेच अमेरिकेत परत येऊन राहीन.

इंटरव्ह्यू आणि शपथ अमेरिकेतच होते, त्यासाठी विमानाचं तिकीट काढून यावंच लागतं. सैनिकांच्या जोडीदारांना २००८ पासून काही अटींवर परदेशातच शपथ घ्यायची सोय आहे. शपथेच्या दिवसापर्यंत लग्न टिकलेलं असावं लागतं, मधेच घटस्फोट झाला की या कलमाचा आधार गेला.

भारतीय अर्जदाराची खरी धांदल शपथेनंतर उडते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. म्हणजे पुण्याहून भारतीय पासपोर्टवर आलेली बाई त्याच पासपोर्टवर पुण्याला परत जाऊ शकत नाही, रिटर्न तिकीट हातात असलं तरी! आधी सिटिझनशिपचं सर्टिफिकेट दाखवून अमेरिकन पासपोर्ट घ्यायचा, जुना भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, मग ओसीआय कार्डाच्या (मूळ भारतीयांना मिळणारा भारतात ये-जा करायचा कायमचा परवाना) मागे लागायचं, आणि तेवढं थांबायला वेळ नसेल तर तूर्तास आपल्याच घरी जायला भारताचा व्हिसा काढायचा.

उलट बाजूने, म्हणजे भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला रजिस्ट्रेशनने भारतीय नागरिकत्व हवं असेल तर भारतात ७ वर्षांचं वास्तव्य लागतं.